हल हाउसमधली टकळी

१८८९ साली जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार या दोन मैत्रिणींनी शिकागोच्या हॉल्स्टेड रस्त्यावर एका जुन्या वाड्यात बिऱ्हाड थाटलं. वाडा चार्ल्स हल यांनी बांधलेला, म्हणून संस्था ‘हल हाउस’. भोवती इटालियन, ग्रीक, जर्मन, बोहेमियन, आयरिश, रशियातून आलेले ज्यू. कोंदट खोल्या, आणि त्यातच शिवणकामाची मजुरी. बालवाडी, इंग्रजीचे वर्ग, स्वयंपाकाचे वर्ग असं वाढत वाढत हल हाउस तेरा इमारतींचं झालं. वस्तीतला कचरा उचलला जात नव्हता, तेव्हा १८९५मध्ये ॲडम्सबाई स्वतः वॉर्डाच्या कचरा-निरीक्षक झाल्या आणि भल्या सकाळी गाड्यांमागून फिरू लागल्या.

मला मात्र सगळ्यात मोलाचं वाटतं ते १९००मध्ये सुरू झालेलं श्रमसंग्रहालय. त्याचं मूळ एका म्हातारीत आहे. ही इटालियन म्हातारी उन्हात टकळीवर सूत कातत बसलेली ॲडम्सबाईंना दिसली. टकळी आपल्या ओळखीची. काडीला फिरकी द्यायची, ती लोंबकळत गरगरते, पेळूतून सुटणारा धागा पीळ घेत लांबतो. मग तो काडीवर गुंडाळून पुन्हा फिरकी. हातांना हे पिढ्यान्‌पिढ्या येत होतं, पण गिरण्यांच्या शहरात त्याला कवडीची किंमत नव्हती. पोरं कारखान्यात जात, इंग्रजी बोलत, आणि गावंढळ आईची त्यांना लाज वाटे. घर सोडून आलेल्या बाईचं याहून मोठं नुकसान कोणतं?

ॲडम्सबाईंनी शोध घेतला, तर त्या वस्तीतच कातण्याच्या निदान चार जुन्या पद्धती सापडल्या. त्या एका खोलीत ओळीने मांडल्या, पुढे चरखे ठेवले, आणि कातायला बसवल्या त्याच शेजारणी. शनिवारी संध्याकाळी लोक बघायला येत.

तिथे कातणाऱ्या एका इटालियन बाईची मुलगी त्याच संध्याकाळी स्वयंपाकाच्या वर्गाला यायची. डोक्याला रुमाल बांधलेली ही बाई आपली आई, हे कुणाला कळू नये म्हणून तिला पुढच्या दारात सोडून ती बाजूच्या दाराने शिरे. एकदा तिने पाहिलं, तर विद्यापीठातली माणसं आईला गराडा घालून उभी, तिच्या कसबाचं कौतुक करत. मुलीने ॲडम्सबाईंना खोदून खोदून विचारलं. त्यांनी तिला इटलीतल्या गावाबद्दल, तिथल्या हातमागाच्या कापडाबद्दल सांगितलं.

आईचे हाताने विणलेले कपडे पलंगाखालच्या पेटीत पडून होते. मुलीला ते ओंगळ वाटत. आता ती पेटी उघडली गेली. आणि मुलगी आईच्याच दाराने आत येऊ लागली.