जिल्हा परिषदेची शाळा : गावगप्पा आणि वस्तुस्थिती

महाराष्ट्रात जिल्हा परिषदांच्या सुमारे ६० हजार शाळा आहेत. पारावर, एसटीत, लग्नाच्या मांडवात त्यांच्याविषयी जे बोलले जाते, त्यातले बरेचसे ऐकीव असते. मात्र त्याच ऐकीव माहितीवर खरे निर्णय होतात. मुलाचा दाखला काढला जातो, शिक्षकावर राग निघतो, शाळा बंद करण्याच्या प्रस्तावाला गावातूनच मान डोलावली जाते. म्हणून यातले काही समज तपासून पाहणे गरजेचे आहे.

गैरसमज : शाळा झेडपीची, म्हणजे सगळा कारभार झेडपीच्याच हातात.

असे वाटण्याला आधार आहे. पाटीवर नाव जिल्हा परिषदेचे, शिक्षक तिचे कर्मचारी आणि शिक्षण समितीचा सभापती गावाच्या ओळखीचा. महाराष्ट्र जिल्हा परिषद व पंचायत समिती अधिनियम १९६१ चा. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि ग्रामीण प्राथमिक शिक्षण त्यांच्याकडे आले. कागदावरची ती रचना अजून आहे. अधिकार मात्र वाटले गेले आहेत. शिक्षकांचा पगार राज्याच्या शालेय शिक्षण विभागाच्या अनुदानातून, शालार्थ प्रणालीमार्फत होतो. त्याच शिक्षकांच्या बदल्यांचे धोरण ग्रामविकास विभाग ठरवतो. प्रशिक्षण पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेकडे, पाठ्यपुस्तके बालभारतीकडे आणि नव्या वर्गखोल्यांचा पैसा बहुतांशी समग्र शिक्षा किंवा जिल्हा नियोजन समितीकडे.

याचा परिणाम एका साध्या तक्रारीत दिसतो. शाळेला शिक्षक कमी पडतात म्हणून गावकरी निवेदन घेऊन सभापतींच्या दालनात जातात. सभापती मनापासून आश्वासन देतात. पण शाळेला किती पदे मिळणार हे संचमान्यता ठरवते, तिचे निकष मंत्रालयातून येतात आणि हिशेब ३० सप्टेंबरच्या पटावर होतो. त्या पटात आधार क्रमांक जुळलेली मुलेच धरली जातात. नावातल्या एका अक्षराच्या फरकाने आधार जुळले नाही, तर रोज वर्गात बसणारे मूलही हिशेबाबाहेर राहू शकते. मंजूर पद भरायचे, तर भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून होते. मे २०१२ मध्ये शासनाने शिक्षकभरती थांबवली. नव्या पद्धतीची पहिली अभियोग्यता चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली आणि दुसरी थेट २०२३ मध्ये. रिकाम्या खुर्च्यांचे मूळ या वर्षांत आहे.

जिल्हा परिषदेच्या हातात काहीच नाही, असा याचा अर्थ नव्हे. आहेत ते शिक्षक जिल्ह्यात समान वाटणे, गटशिक्षणाधिकारी आणि केंद्रप्रमुखांकडून शाळाभेटी करून घेणे, स्वनिधीतून दुरुस्त्या करणे ही कामे तिचीच. ती होत नसतील तर जाब मुख्य कार्यकारी अधिकारी आणि शिक्षणाधिकारी यांना विचारला पाहिजे. २०२२ पासून बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती संपल्या आणि निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या. त्या काळात सभापती नव्हते, सदस्य नव्हते, सगळा कारभार प्रशासकांकडे होता. शाळा भरत राहिल्या, पण जिल्ह्याच्या पातळीवर लोकांच्या वतीने प्रश्न विचारणारी शिक्षण समितीच उरली नाही. या नुकसानीची चर्चा फार कमी झाली.

गैरसमज : शाळेच्या नावावर लाखो रुपये येतात, मुख्याध्यापकच ते खातात.

वर्तमानपत्रात शिक्षणाच्या तरतुदीचे हजारो कोटींचे आकडे छापून येतात आणि गावातल्या शाळेचे छत मात्र गळतच असते. मधला पैसा कुणीतरी खाल्ला, हा निष्कर्ष सहज सुचतो. हिशेब पाहिला तर वेगळेच दिसते. राज्याच्या शालेय शिक्षणखर्चाचा बहुतांश भाग वेतनाचा असतो आणि तो मुख्याध्यापकाच्या हातून जात नाही. शाळेला वापरायला मिळते ते समग्र शिक्षा योजनेचे संयुक्त शाळा अनुदान. योजनेचा खर्च केंद्र आणि राज्य ६०:४० प्रमाणात उचलतात आणि अनुदान पटावर ठरते : ३० पर्यंत मुले असतील तर वर्षाला १० हजार रुपये, १०० पर्यंत २५ हजार, २५० पर्यंत ५० हजार, १,००० पर्यंत ७५ हजार, त्यापुढे १ लाख. म्हणजे २८ मुलांच्या वस्तीशाळेला महिन्याला साडेआठशे रुपयेही पडत नाहीत. त्यात वीजबिल, खडू, हजेरीपत्रके, झाडू, फिनेल, नळाची दुरुस्ती, रंगरंगोटी. शिवाय किमान १० टक्के स्वच्छतेवर खर्च करण्याचे बंधन.

हा पैसाही आता शाळेच्या खात्यात पडून राहत नाही. २०२१ पासून केंद्राच्या योजनांचा निधी राज्यस्तरावरच्या एकाच खात्यात ठेवला जातो आणि शाळेला फक्त खर्चाची मर्यादा दिली जाते. मर्यादा बहुधा उशिरा येते आणि ३१ मार्चला संपते. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात दुकानदाराची बिले, ऑनलाइन नोंदी आणि व्यवस्थापन समितीच्या सह्या यांसाठी मुख्याध्यापकाची जी धावपळ दिसते, ती अनेकदा संशयाचे कारण ठरते. खरे कारण उशिरा आलेली मर्यादा असते. गैरव्यवहार कुठेच होत नाहीत असा दावा कुणी करू नये. पण शाळेच्या पातळीवर लाखो रुपये नसतातच. छत का गळते, याचे उत्तर बांधकाम विभागाच्या प्रलंबित अंदाजपत्रकात शोधावे लागते.

गैरसमज : पैसे भरल्याशिवाय झेडपीत मास्तर होता येत नाही.

ही अफवा शेजारच्या व्यवस्थेतून आली आहे. काही खासगी संस्थांत नेमणुकीसाठी देणगी घेतली जात असल्याची चर्चा दशकानुदशके आहे. २०२५ मध्ये नागपूर विभागात उघडकीला आलेले बनावट शालार्थ आयडीचे प्रकरणही प्रामुख्याने खासगी शाळांतल्या नेमणुकांचे होते. जिल्हा परिषदेसाठी शिक्षक पात्रता परीक्षा, मग अभियोग्यता चाचणी आणि गुणानुक्रमे पवित्र पोर्टलवरून निवड, असा मार्ग आहे, मुलाखत नाही.

गैरसमज : झेडपीत शिकवत नाहीत. शिकायचे तर खासगी इंग्रजी शाळा.

सर्वांत खोल रुजलेला समज हाच. त्याची कारणे डोळ्यांना दिसतात : बस, टाय, बूट, वह्यांचे ओझे. शिवाय ज्या घरांना परवडते ती मुले तिकडे जातात, आणि ज्या घरात आई-बाप शिकलेले आहेत ते मूल कुठल्याही शाळेत पुढेच असते. ते पुढे गेले की श्रेय शाळेला मिळते.

आकडे काय सांगतात? ‘असर’ हे सर्वेक्षण ग्रामीण भारतात मुलांच्या घरी जाऊन दुसरीच्या पातळीचा उतारा वाचायला देते. २०२४ च्या अहवालात, देशभरात सरकारी शाळांतल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांना तो वाचता आला. खासगी शाळांत ५९.३ टक्के. फरक आहे, तो लपवण्याचे कारण नाही. पण दुसरा आकडा उलटा वाचून पाहावा. फी भरूनही पाचवीतल्या दहापैकी चार मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. करोनानंतर सावरण्याचा वेगही पाहण्यासारखा आहे. सरकारी शाळांतला हा आकडा २०१८ मध्ये ४४.२ होता, २०२२ मध्ये ३८.५ पर्यंत घसरला आणि दोन वर्षांत पूर्वपदाला आला. खासगी शाळा २०१८ च्या ६५.१ वरून घसरल्या त्या अजून तिथे पोहोचलेल्या नाहीत.

उरलेला फरक शाळेचा की घराचा, हे तपासणारा मोठा प्रयोग आंध्र प्रदेशात झाला. कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी सोडत काढून काही मुलांना खासगी शाळेत जाण्याचा खर्च दिला आणि चार वर्षांनी सोडत न लागलेल्या मुलांशी त्यांची तुलना केली. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार तेलुगू आणि गणितात फरक आढळला नाही, इंग्रजीतही लक्षणीय फरक नव्हता. हिंदीत मात्र खासगी शाळेतली मुले स्पष्ट पुढे होती. खासगी शाळांनी हे सरकारी शाळांच्या सुमारे एकतृतीयांश खर्चात केले, हेही त्याच अभ्यासात आहे आणि सरकारी व्यवस्थेने ते गंभीरपणे घ्यायला हवे. पण शाळा बदलली की मूल आपोआप हुशार होते, हा समज त्यापुढे टिकत नाही.

इंग्रजीबाबत तर माहितीच जुनी आहे. महाराष्ट्रात मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी २००० सालापासून शिकवले जाते आणि अनेक जिल्हा परिषद शाळा आज सेमी-इंग्रजी आहेत.

एक सावधगिरी मात्र हवी. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, याचा दाखला प्रत्येक वादात दिला जातो. अभिमान योग्यच, पण एका शिक्षकाचे यश ६० हजार शाळांच्या सरासरीविषयी काही सिद्ध करत नाही, जसे एका दारुड्या मास्तराचा व्हिडिओही करत नाही. सरासरी वर न्यायची तर शिक्षक वर्गात हवा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकांना देता येतात. प्रत्यक्षात माहिती भरणे, फोटो पाठवणे, सर्वेक्षणे यांची यादी फार लांब आहे. ‘मास्तर मोबाइलवरच असतात’ या तक्रारीचे निम्मे उत्तर तिथे आहे.

गैरसमज : पट घसरला, म्हणजे दर्जा घसरला.

मुळात मुलेच कमी जन्माला येत आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्राचा एकूण जननदर १.७ होता, लोकसंख्या स्थिर राहायला सुमारे २.१ लागतो. त्यात कामासाठी शहराकडे गेलेली कुटुंबे, ऊसतोडीला गेलेल्या आई-बापांबरोबर दिवाळीच्या सुमारास जाणारी मुले, आणि स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या २०१२ च्या कायद्यानंतर तालुक्याच्या गावी निघालेल्या नव्या शाळा. वाडीवरची शाळा उत्तम चालवूनही पट १४ वर येऊ शकतो. अशा शाळेत दर मुलामागचा खर्च जास्त दिसणारच, कारण दोन शिक्षकांचा पगार १४ ने भागला जातो. ती बंद केली की आकडा सुधारतो आणि सात वर्षांच्या मुलीला ओढा ओलांडून पुढच्या गावी जावे लागते. पहिली ते पाचवीची शाळा १ किलोमीटरच्या आत असावी, हा निकष याच कारणाने ठेवला आहे.

गैरसमज : आठवीपर्यंत कुणाला नापासच करत नाहीत.

पूर्वी तसे होते, आता नाही. शिक्षण हक्क कायद्यातल्या २०१९ च्या केंद्रीय दुरुस्तीनंतर महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम बदलले. पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा होते, अनुत्तीर्णांना पुनर्परीक्षेची संधी मिळते आणि त्यातही अपयश आले तर मूल त्याच वर्गात राहते.

गैरसमज : आरटीई (शिक्षण हक्क कायदा) म्हणजे खासगी शाळेतला २५ टक्के कोटा. झेडपीच्या पालकांना त्यात काही नाही.

दरवर्षी बातम्या या कोट्याच्या सोडतीच्याच येतात, त्यामुळे हा ग्रह झाला. २०२४ च्या फेब्रुवारीत राज्याने सरकारी किंवा अनुदानित शाळा जवळ असलेल्या खासगी शाळांना या प्रवेशांतून वगळले आणि जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने ते रद्द केले, तेव्हाही चर्चा तेवढ्यापुरतीच राहिली. कायद्याचा मोठा भाग सरकारी शाळेविषयी आहे. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात, निम्म्या महिला. कलम २२ प्रमाणे शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते. केंद्राच्या २०१० च्या नियमांत तो आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी, म्हणजे डिसेंबरपर्यंत करायचा असतो. अनेक गावांत प्रत्यक्षात सभेचे इतिवृत्त आधी लिहिले जाते आणि सह्या घरोघर फिरून घेतल्या जातात. सही करणाऱ्या आईला आपण समितीवर आहोत एवढेच ठाऊक असते.

सह्या करण्यापूर्वी इतिवृत्त वाचून दाखवायला सांगावे, आराखड्याची प्रत मागावी, अनुदानाचा हिशेब सभेत मांडायला लावावा. एवढ्याने भागले नाही तर कलम ३२ आहे : मुलांच्या हक्काबाबतची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे, म्हणजे ग्रामीण भागात जिल्हा परिषदेकडे करता येते आणि तिचा निर्णय तीन महिन्यांत द्यावा लागतो. तो मान्य नसेल तर राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील करता येते. तक्रार लेखी असावी आणि पोच घ्यावी.