गढीची माती

मृग निघायच्या आत माळवदावर माती टाकायची, ही अण्णांच्या घरची दरवर्षीची रीत. शेतातली काळी चालत नाही. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते, तिच्यावर गवत माजतं. माती लागते गढीची. पांढरी, खारी. तिच्यावर गवत धरत नाही. म्हणून सकाळीच टिकाव, खोरं नि दोन घमेली घेऊन आम्ही देशमुखांच्या गढीवर चढलो.

मराठवाड्यातल्या या गढीचा आता एकच बुरूज धड आहे. खाली पुरुषभर उंचीपर्यंत काळा घडीव दगड, वर पांढऱ्या मातीचा भरीव तट. "उभ्याला हात लावायचा न्हाई. पडलेलीच उचलायची," अण्णा म्हणाले.

ढासळलेल्या कडेला तटाचं पोट उघडं पडलंय. वीत-वीत जाडीचे थर, एकेक तुडवून बसवलेला. एका थरात काडाचा तुकडा होता, अजून पिवळा. शेजारी राख आणि खापराची लाल कड. ही खापरं गढीतल्या माणसांची असतीलच असं नाही. काळी म्हणजे शेत, पांढरी म्हणजे वस्ती. जुन्या वस्तीच्या चुलींची राख आणि पडक्या भिंती मिसळून झालेली हीच माती उपसून गढ्या उभ्या राहिल्या. गढीच्या आधीचं गाव गढीच्या भिंतीत आहे, आणि मला ते तिच्या पराक्रमाइतकंच मोलाचं वाटतं.

आत तुळयांची भोकं दिसतात, बुजलेलं बळद दिसतं. वसुलीचं धान्य इथं साठायचं. 1860 च्या दशकात निजामाचे दिवाण सालारजंग यांनी जिल्हाबंदी केली, वसुली सरकारी अंमलदारांकडे गेली, देशमुखांच्या हाती रुसूम, म्हणजे ठरावीक हक्काची रक्कम, उरला. 1949 मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिऱ्याही संपल्या. माणसं शहरात गेली, सागवान विकलं गेलं. छप्पर गेलं की मातीची भिंत पावसापुढे किती टिकणार?

सिंदखेडराजाला लखुजी जाधवांचा वाडा आहे, जिजाऊंचं जन्मस्थान. त्याची निगा राखली जाते. आमच्या गढीची माती यंत्रानं उकरून खत म्हणून ट्रॉलीनं शेतात जाते. अण्णांची घमेली तिला कधीच संपवणार नव्हती. यंत्राचा पंजा उभ्या-पडक्यात फरक करत नाही, आणि त्याचा मला फार राग येतो.

दुपारी माती चाळली, भिजवली, माळवदावर पसरली. अण्णा पन्हळीकडे उतार ठेवत चोपण्यानं ठोकत होते. चाळणीत उरलेली खापरं काकूंनी टोपलीत भरली आणि तिन्हीसांजेला पुन्हा गढीवर नेऊन टाकली.