डोळ्यातलं भिंग बदललं तर?

भुसावळ जंक्शनच्या पादचारी पुलावर जाल तेव्हा एक गंमत करून बघा. आधी दूरच्या सिग्नलकडे बघा. लाल आहे की हिरवा? आता लगेच हातातल्या तिकिटावरचे बारीक आकडे वाचा. सिग्नल कुठे, तिकीट कुठे, तरी दोन्ही स्वच्छ दिसले ना?

ही करामत बाहुलीच्या मागे बसलेल्या भिंगाची. जेमतेम ९ मिलिमीटर रुंद आणि सुमारे ४ मिलिमीटर जाड. दूर बघताना ते चपटं होतं, जवळ बघताना फुगतं. त्याच्यात एकही रक्तवाहिनी नसते, कारण असती तर तिची सावली सतत आड आली असती. भोवतालच्या पाण्यातूनच त्याला अन्न मिळतं. आणि खरं नवल तर पुढेच आहे. आपली कातडी जुन्या पेशी टाकून देते, भिंग मात्र काहीच टाकत नाही. जन्मभर बाहेरून नवे थर चढत राहतात. म्हणजे तुमच्या आजीच्या भिंगाच्या मध्यभागी आजही तिच्या जन्माआधीच्या पेशी आहेत!

इतकी वर्षं काम केल्यावर त्यातली प्रथिनं बिघडतात आणि एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात. कच्च्या अंड्यातला पारदर्शक भाग उकडल्यावर पांढरा होतो, तसं काहीसं. उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होत नाही, तसंच गढूळलेलं भिंगही कुठल्याही थेंबांनी पुन्हा स्वच्छ होत नाही. हाच मोतीबिंदू. तो मुख्यतः वयामुळे होतो. मधुमेह, तंबाखूचा धूर आणि उन्हातले अतिनील किरण त्याला हातभार लावतात. आपल्या खानदेशात तर रावेर-यावलच्या केळीच्या बागांत माणसं जन्मभर उन्हात राबतात. म्हणून टोपीची कड थोडी पुढे ओढून घ्या, आजोबांनाही सांगा.

मग उपाय काय? भिंगच काढायचं! पण पूर्वी ते काढल्यावर जागा रिकामीच राहायची आणि माणसाला जाडजूड भिंगाचा चष्मा लावावा लागायचा. त्यातून सगळं मोठं आणि वाकडंतिकडं दिसायचं. डोळ्याच्या आतच नवं भिंग बसवलं तर? पण बाहेरची वस्तू डोळा सहन करेल का?

उत्तर मिळालं ते युद्धातून. १५ ऑगस्ट १९४० रोजी गॉर्डन क्लीव्हर या ब्रिटिश वैमानिकाच्या विमानाला गोळ्या लागल्या. वैमानिकाच्या डोक्यावरचं पारदर्शक प्लास्टिकचं छत फुटलं आणि त्याचे कण डोळ्यांत घुसले. एक डोळा गेला. दुसऱ्या डोळ्यात मात्र ते कण वर्षानुवर्षं तसेच राहिले, सूज नाही की काही नाही. लंडनचे डॉक्टर हॅरॉल्ड रिडली यांनी हे नेमकं टिपलं. त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करवून घेऊन २९ नोव्हेंबर १९४९ रोजी त्यांनी ते एका बाईंच्या डोळ्यात बसवलं. कित्येक डॉक्टरांनी तेव्हा त्यांना नावं ठेवली. पुढे म्हातारपणी खुद्द क्लीव्हरच्या वाचलेल्या डोळ्यात असं भिंग बसलं, आणि रिडलींच्या स्वतःच्या डोळ्यांतही!

आता हे ऑपरेशन बहुतेक वेळा थेंब टाकून, डोळा बधिर करून होतं. पारपटलाच्या, म्हणजे बुबुळापुढच्या पारदर्शक पडद्याच्या, कडेला दोन-तीन मिलिमीटरची चीर देतात. त्यातून सेकंदाला हजारो वेळा थरथरणारी बारीक सुई आत जाते, गढूळ भिंगाचा चुरा करते आणि शोषून घेते. हेच ‘फेको’. ही कल्पना अमेरिकन डॉक्टर चार्ल्स केलमन यांना दातांच्या डॉक्टरकडे, खुर्चीत बसल्या बसल्या सुचली होती. भिंगाची पातळ पिशवी मात्र डोळ्यातच ठेवतात. त्या पिशवीत घडी घातलेलं ६ मिलिमीटरचं नवं भिंग सोडलं की ते आपोआप उलगडतं. चीर टाक्यांशिवायच मिटते.

आपल्या महाराष्ट्रात डॉ. तात्याराव लहाने यांनी लाखाहून जास्त डोळ्यांवर मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली. लातूर जिल्ह्यातल्या माकेगावचा हा मुलगा मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉक्टर झाला आणि बाबा आमट्यांनी कुष्ठरोग्यांसाठी उभारलेल्या आनंदवनात जाऊनही त्यांनी शिबिरं घेतली. २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मला त्यांच्या आकड्यापेक्षा आनंदवन जास्त मोठं वाटतं. ज्यांना दवाखान्यापर्यंत येता येत नव्हतं, त्यांच्यापर्यंत डॉक्टर गेले!

मोतीबिंदू नसतानाही, फार मोठा नंबर असलेल्या काही मोठ्या माणसांचं भिंग असं बदलतात. “मग माझाही चष्मा घालवा!” असं म्हणू नका हं. जन्मतः मोतीबिंदू असलेल्या बाळांची गोष्ट वेगळी. तुमचं भिंग मात्र सिग्नलवरून तिकिटावर क्षणात येतं. नेहमीचं बसवलेलं भिंग तसं फुगत नाही. म्हणून ऑपरेशननंतर आजीला लांबचं छान दिसतं, पण पेपर वाचायला बहुधा चष्मा लागतोच.

आणि प्रत्येक डोळ्याचं माप वेगळं! डोळ्याची लांबी साधारण २४ मिलिमीटर असते. तिच्यावरूनही नव्या भिंगाचा नंबर ठरतो, म्हणून ती मोजताना एका मिलिमीटरची चूक झाली, तर चष्म्याचा नंबर जवळजवळ अडीच-तीनने चुकतो. घरात कुणाचं ऑपरेशन झालं असेल, तर त्यांची फाइल मागा. त्यात भिंगाचं छोटं कार्ड किंवा स्टिकर असेल आणि त्यावर भिंगाच्या नंबराचा ‘+२१.५’ असा काहीतरी आकडा. दोन्ही डोळ्यांची कार्डं असतील तर आकडे जुळतात का ते बघा, आणि नसतील जुळत तर का ते आजीला तुम्हीच समजावून सांगा.