घाटमाथ्याचा वारा आणि डोंगरांत जाणारी मंडळी

आषाढांतल्या एखाद्या सकाळीं जुन्नर शहरांत पाऊस नुसता भुरभुरत असतो. रस्ते ओले असतात, पण वाहते नसतात. शिवनेरीचा माथाही मधून मधून ढगांबाहेर डोकावतो. एवढें पाहून पुण्यामुंबईहून आलेली तरुण मंडळी हवा बरी आहे असें ठरवितात आणि घाटघरची वाट धरतात. तीस-एक किलोमीटर गेल्यावर नाणेघाटाच्या तोंडाशीं जी हवा त्यांना भेटते, ती जणूं परक्या मुलखांतली असते. धुकें इतकें दाट, कीं चार पावलांवरचा सोबती दिसेनासा होतो. पाऊस वरून येण्याऐवजीं समोरून, आणि पुष्कळदां तर दरींतून वर येतो. छत्री उघडणाऱ्याच्या हातीं दांडा राहतो, कापड पाठीमागें उडून गेलेलें असतें. एकाच तालुक्यांत, एकाच घटकेला, अशा दोन हवा कां नांदतात हें ज्याला उमगलें, त्याचें येथील हवामानाचें निम्में गणित सुटलें असें समजावें.

जुन्नर व आंबेगांव हे पुणें जिल्ह्याचे उत्तरेकडील तालुके. दोहोंची पश्चिम शीव सह्याद्रीच्या धारेला भिडलेली आहे. पूर्वेकडे नारायणगांव व मंचर या बाजूस मुलूख हळूहळू सपाट होत जातो. कुकडी, मीना, पुष्पावती, घोड या नद्या धारेजवळ उगम पावून पूर्वेला वाहतात. पावसाळ्यांत अरबी समुद्रावरून येणारा वारा बाष्पानें जड झालेला असतो. कोकणांतून येतां येतां त्याच्यापुढें सहा-सातशें मीटरांची भिंत उभी राहते आणि त्याला वर चढण्यावांचून गत्यंतर उरत नाहीं. वर चढणारी हवा प्रसरण पावते व थंड होते. कोरडी असेल तर दर १०० मीटरांस सुमारें एक अंश सेल्सिअस, आणि तिच्यांतलें बाष्प पाण्याचें रूप घेऊं लागलें म्हणजे त्याच्या सुमारें निम्म्यानें. कारण बाष्पाचें पाणी होतांना कांहीं उष्णता मोकळी होते. हें पाणी धारेवर व तिच्या पाठीमागच्या पांच-दहा किलोमीटरांत कोसळतें. तीच हवा पुढें पूर्वेला उतरूं लागली कीं उबदार होते आणि ढग विरतात. म्हणूनच घाटमाथ्यावर वर्षाकाठीं अडीच-तीन हजार मिलिमीटर व त्याहूनही अधिक पाऊस पडत असतां, तालुक्यांच्या पूर्व टोकाला पांच-सहाशें मिलिमीटरांवर शेतकऱ्याला भागवावें लागतें. तेव्हां जुन्नरच्या किंवा घोडेगांवच्या चौकांत उभें राहून नाणेघाटाची अथवा आहुप्याची हवा ठरविणें म्हणजे ओसरीवर बसून माजघरांतल्या स्वयंपाकाची चव सांगण्यासारखें आहे.

वाऱ्याची गोष्ट पावसाहूनही बारकाईनें समजून घेण्यासारखी आहे. नाणेघाट ही धारेंतली एक अरुंद खिंड आहे. सातवाहनांच्या काळीं कोकणांतला माल याच वाटेनें जुन्नरास चढे. राणी नागनिकेचा शिलालेख असलेली लेणी आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा दगडी रांजण आजही तेथें आहेत. मालाला जी वाट सोयीची तीच वाऱ्यालाही. रुंद भिंतीला अडलेली हवा जेथें फट सांपडेल तेथें एकवटते आणि तिचा वेग वाढतो. नदीचें पाणी पुलाच्या कमानीखालीं धांवूं लागतें, तशांतलाच हा प्रकार. पावसाळ्यांत येथें जो ‘उलटा धबधबा’ पाहण्यासाठीं झुंबड उडते, त्यांत चमत्कार कांहीं नाहीं. कड्यावरून पडणारी पाण्याची धार बारीक असते, आणि कड्याच्या तोंडाला आपटून वर उसळणारा झोत तिचे तुषार उचलून परत माथ्यावर फेकतो. चमत्कार नसला तरी त्यांत इशारा मात्र आहे: जो वारा पाणी वर उचलतो, तो माणसाचा तोल घालविण्यास कमी पडत नाहीं.

वेग दुप्पट झाला कीं वाऱ्याचा दाब दुप्पट होत नाहीं, चौपट होतो. ताशीं ३० किलोमीटरांच्या वाऱ्यांत हसत उभा राहिलेला गडी ६० किलोमीटरांच्या झोतांत वांकल्याशिवाय उभा राहूं शकत नाहीं. पाठीवर मोठी पिशवी आणि अंगावर फडफडणारा पावसाळी अंगरखा असेल, तर त्यानें आपल्या अंगाला शीडच बांधलें म्हणावयाचें. वेग मोजण्यास यंत्र हवेंच असें नाहीं. ब्यूफोर्ट या इंग्रज नौदल-अधिकाऱ्यानें १८०५ च्या सुमारास वाऱ्याच्या पायऱ्या ठरविल्या. पुढें त्यांना जमिनीवरील खुणाही जोडण्यांत आल्या. मोठ्या फांद्या हलूं लागल्या, तारा घुमूं लागल्या आणि छत्री आवरेना, म्हणजे सहावी पायरी, ताशीं ३९ ते ४९ किलोमीटर. डहाळ्या मोडूं लागल्या आणि वाऱ्यासमोर चालणें कष्टाचें झालें, म्हणजे आठवी, ६२ ते ७४ किलोमीटर. सहाव्या पायरीला कड्याची कड सोडावी. आठवीला डोंगरच सोडावा.

कड्याची एक फसवी खोड आहे. उभ्या कड्यावरून वर उसळलेली हवा माथ्यावर आली म्हणजे लगेच जमिनीला टेकत नाहीं. ती उडी मारल्यासारखी पुढें जाते आणि तिच्याखालीं भोंवरे फिरतात. त्यामुळें कडेपाशीं कधीं कधीं विलक्षण शांतता असते, तर कधीं पाठीमागूनच, म्हणजे दरीकडे लोटणारा झोत येतो. ‘येथें तर वारा नाहीं’ म्हणून छायाचित्रासाठीं कडेला सरकणारा मनुष्य याच भोंवऱ्यांत उभा असतो. हवेंत पंखासारखें छत्र पसरून उडण्याच्या खेळाला असला उभा कडा आणि त्यामागचे भोंवरे वैरी होत.

हीच उसळती हवा कोकणकड्यावर एक रम्य दृश्य दाखविते. हरिश्चंद्रगड अहिल्यानगर जिल्ह्यांतला, पण जुन्नर तालुक्यांतील खिरेश्वरहून टोलार खिंडीनें त्यावर जाण्याची वाट आहे. पाठीशीं सकाळचा सूर्य आणि समोर दरींत धुक्याचा पडदा असेल, तर त्या पडद्यावर स्वतःची छाया आणि तिच्याभोंवतीं रंगीत वर्तुळ दिसतें. यास इंद्रवज्र म्हणतात. कर्नल साइक्स यानें दख्खनच्या हवामानावरील आपल्या निबंधांत त्याचें वर्णन केलें; हा निबंध १८३५ मध्यें लंडनच्या रॉयल सोसायटीनें प्रसिद्ध केला. हातीं आजच्यासारखीं साधनें नसतां त्या गृहस्थानें केवळ नियमितपणाच्या बळावर केलेलीं निरीक्षणें पाहिलीं म्हणजे खिशांत यंत्र बाळगणाऱ्या आजच्या पिढीच्या आळसाचें नवल वाटतें.

आतां पावसाच्या अंदाजाविषयीं. हवामानखात्याचें मुख्य कार्यालय १९२८ मध्यें सिमल्याहून पुण्यास आलें होतें. तें पुढें दिल्लीस गेलें, तरी शिवाजीनगरच्या इमारतीला लोक अजून ‘सिमला ऑफिस’च म्हणतात. खात्याच्या अंदाजांत पुणें जिल्ह्याचा घाट-विभाग पुष्कळदां निराळा सांगितलेला असतो. डोंगरांत जाणाऱ्यानें तेवढीच ओळ वाचावी. शहराची ओळ त्याच्या उपयोगाची नाहीं. चोवीस तासांत ६४.५ मिलिमीटरांपासून पुढें पाऊस झाला तर तो मुसळधार, ११५.६ पासून अति मुसळधार आणि २०४.५ पासून अत्यंत मुसळधार. हे चोवीस तास सकाळीं साडेआठला संपतात, हें विसरूं नये. वर्तमानपत्रांतला आजचा आंकडा म्हणजे बहुतांशीं कालचा पाऊस होय.

कालच्या पावसालाही महत्त्व आहे, नव्हे, डोंगरांत तेंच अधिक आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळीं आंबेगांव तालुक्यांतील माळीण गांवावर डोंगराचा उतार खचून आला आणि दीडशेंहून अधिक माणसें मातीखालीं गेलीं. संततधारेनें मुरलेलें पाणी मातीचें वजन वाढवितें आणि तिची खडकावरची पकड सैल करतें; मग एखादी सरही पुरते. अशा दिवसांत खड्या उताराच्या पायथ्याशीं तंबू ठोकणें, वाटेवर नव्यानें पडलेल्या भेगा पाहूनही पुढें जाणें, किंवा झऱ्याचें पाणी एकाएकीं गढूळ झालेलें असतां तेथेंच जेवण मांडून बसणें, हा अविचार आहे. ओढ्यांचेंही तसेंच. माथ्यावर सर पडली कीं खालीं ऊन असतांनाही पाणी चढतें. प्रथम पाण्याचा रंग बदलतो, मग पालापाचोळा व काटक्या वाहत येतात. त्यानंतर पैलतीर गांठण्यास फारसा अवकाश उरत नाहीं. गुडघ्यावर वेगवान पाणी असेल तर दोर असला तरी उतरूं नये. अलीकडच्या वाडींत रात्र काढावी. घरीं निरोप पोंचत नाहीं ही अडचण खरी, म्हणून निघण्यापूर्वींच ‘उद्यां न आलों तरी घाबरूं नका’ असें सांगून ठेवावें.

पंचांगांतल्या नक्षत्रांवर व त्यांच्या वाहनांवर कांहीं जुन्या मंडळींचा भरंवसा असतो. मृगाच्या आसपास पाऊस येणें आणि हस्ताला गडगडाट होणें हें ऋतुमानाला धरूनच आहे. परंतु बेडूक वाहन असेल त्या पंधरवड्यांत गड चढूं नये इतकें नेमकें ज्ञान त्यांत नाहीं.

उन्हाळ्याचा धोका वेगळा. मार्च ते मे या महिन्यांत सकाळ स्वच्छ असते, दुपारीं पठार तापतें आणि तिसऱ्या प्रहरीं समुद्राकडील वारा घाट चढून येतो. या ओलाव्याला तापल्या जमिनीची उसळी मिळाली कीं फुलकोबीसारखे ढग उंच चढतात आणि सायंकाळीं वळीव कोसळतो. हा पाऊस बहुधा पूर्वेकडून येतो, म्हणून पश्चिमेच्या कड्यावर सूर्यास्त पाहण्यांत गुंगलेल्यांना तो पाठीशीं येईपर्यंत कळत नाहीं. पावसापूर्वीं जो थंड वारा अचानक सुटतो, तो ढगांतून खालीं कोसळणाऱ्या हवेचा लोट असतो. जीवधनच्या पायऱ्या इंग्रजांनीं १८१८ मध्यें फोडल्या, त्यामुळें तेथें कातळ चढावा लागतो. शेजारच्या वानरलिंगीच्या सुळक्यावर तर गिर्यारोहक दोरावर लोंबत असतात. असल्या जागीं तो लोट आणि वीज एकदमच गांठतात. वीज दिसल्यापासून गडगडाट ऐकूं येईपर्यंतचे सेकंद मोजून त्यांस तिनानें भागावें, म्हणजे विजेचें अंतर किलोमीटरांत निघतें. तीस सेकंदांच्या आंत आवाज आला तर माथा, सुळका, एकाकी झाड व उघडें पठार सोडावें आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तेथें परतूं नये. पुण्याच्या उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेचें ‘दामिनी’ नांवाचें ॲप जवळपास पडणाऱ्या विजांची सूचना देतें. परंतु दऱ्यांत संपर्क तुटतो, म्हणून बोटांवर मोजणें यावेंच.

वादळाचा फेरा येथपर्यंत पोंचत नाहीं अशी समजूत होती. ३ जून २०२० रोजीं ‘निसर्ग’ चक्रीवादळ ताशीं शंभर किलोमीटरांहून अधिक वेगानें कोकणच्या किनाऱ्यावर आलें आणि पुणें जिल्ह्यावरून ईशान्येस गेलें, तेव्हां ती मोडली. नारायणगांवजवळ खोडदच्या परिसरांत ४५ मीटर व्यासाच्या तीस रेडिओ-दुर्बिणींचा जो पसारा आहे, त्याच्या तबकड्या भरीव पत्र्याच्या न करतां तारेच्या जाळीच्या केल्या आहेत. वाऱ्याला वाट दिली म्हणजे त्याचा भार कमी होतो, हें एक त्यामागील कारण. तंबू निवडणाऱ्यांनीं ही गोष्ट जरूर पाहून यावी. उंच आणि सपाट बाजूंच्या तंबूपेक्षां ठेंगणा, वाऱ्याकडे निमुळतें टोंक केलेला तंबू डोंगरावर टिकतो.

ऑक्टोबरच्या आरंभीं मोसमी वारे परतले कीं आकाश धुऊन निघतें, आणि नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा या डोंगरांतला खरा हंगाम. वारा आतां ईशान्येचा, बहुधा मंद. रात्रीं उतारावरची थंड हवा जड होऊन पाण्यासारखी खालीं वाहते आणि खोऱ्याच्या तळाशीं साचते. म्हणून माणिकडोह किंवा डिंभे धरणाच्या कांठीं झोंपणारा, शंभर-दोनशें मीटर वर झोंपणाऱ्यापेक्षां अधिक कुडकुडतो. पाणी जवळ हवें हें खरें, पण बिछाना उतारावरच्या एखाद्या सपाट बाकावर घालावा आणि पाणी भांड्यांतून वर न्यावें. पहाटे खोरें धुक्यानें भरलेलें दिसलें तरी घाई करूं नये. ऊन वर आलें कीं नऊच्या सुमारास तें विरतें, आणि पायवाटेवरचें दंवही तोंवर सुकतें.