काळे ते सारेच अगरू नव्हे

भाद्रपद शुद्ध दशमीला दिगंबर मंदिरांत सुगंधदशमीचा धूप दरवळू लागला की त्याचे वळसे गाभाऱ्यातून थेट रस्त्यापर्यंत येतात. श्वेतांबर परंपरेच्या अष्टप्रकारी पूजेतही धूपपूजेचे स्थान ठरलेले आहे. कल्पसूत्रात त्रिशलामातेच्या शयनगृहाचे जे वर्णन येते, त्यात दरवळणाऱ्या धूपद्रव्यांमध्ये पहिला मान काळ्या अगरूचा आहे. या अगरूवरून ज्या काडीला ‘अगरबत्ती’ हे नाव पडले, तिच्यात मात्र आज अगर बहुधा औषधालाही सापडत नाही. बांबूची काडी, कोळशाची पूड, चिकटपणासाठी जिगट आणि वरून सुगंधी द्रव्यात बुडवणे, एवढ्यावर ती तयार होते. नाव उरले, द्रव्य गेले. खरे अगर आज ग्रॅमच्या भावाने विकले जाते, आणि तेथे एकाच नावाखाली शंभर रुपयांचा आणि लाख रुपयांचा माल शेजारी शेजारी मांडलेला असतो. त्यांतला भेद समजून घेणे हा केवळ शौकिनांचा नव्हे, व्यापाऱ्याच्या सचोटीचाही विषय आहे.

अगर म्हणजे साधे लाकूड नव्हे. आसाम, त्रिपुरा, नागालँडपासून मलाया, इंडोनेशिया, व्हिएतनामपर्यंत ॲक्विलेरिया कुळातील वृक्ष आढळतात. आसामी लोक त्याला साँची म्हणतात. निरोगी साँचीचे लाकूड पांढरट, हलके आणि गंधहीन असते. खोडाला जखम झाली, वीज पडली किंवा अळीने बोगदे पाडले आणि त्या वाटेने बुरशी शिरली, की वृक्ष स्वसंरक्षणासाठी काळसर राळ तयार करतो. ही राळ वर्षानुवर्षे लाकडाच्या तंतूंत मुरत जाते, आणि त्या मुरलेल्या भागालाच अगर म्हणतात. म्हणजे ज्याची किंमत मोजली जाते ते वृक्षाचे आरोग्य नसून त्याचे दुखणे आणि त्या दुखण्याला लागलेला काळ आहे. प्रतवारीचे सारे गूढ या एका गोष्टीत दडलेले आहे.

ही प्रतवारी आजची नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात राजकोशात घ्यावयाच्या मौल्यवान वस्तूंच्या परीक्षेत अगरूला स्वतंत्र जागा आहे. जोंगक, दोंगक आणि समुद्रापलीकडून येणारा पारसमुद्रक असे प्रकार तेथे सांगितले आहेत. चांगले अगरू जड व स्निग्ध असावे, त्याचा गंध दूरवर पसरावा आणि ते चोळले तरी गंध जाऊ नये, अशी कसोटीही दिली आहे. सातव्या शतकात कामरूपाच्या भास्करवर्म्याने हर्षवर्धनाला पाठविलेल्या भेटींत काळ्या अगरूचे तेल होते आणि अगरूच्या सालीवर लिहिलेल्या पोथ्याही होत्या, असे बाणभट्टाने हर्षचरितात नोंदवले आहे. ज्या झाडाच्या सालीवर ग्रंथ लिहिले जात त्याच झाडाच्या गाभ्यात धूप सापडे, ही आसामच्या साँचीची मोठी मौज आहे. पुढे अबुल फझलने ‘आईन-ए-अकबरी’त अगराच्या डझनभर जाती मोजल्या. काळे, जड आणि पाण्यात तळाशी जाणारे ते उत्तम, तरंगणारे ते हीन, असा त्याचा निवाडा आहे. युनानी वैद्यकातील ‘गर्की’ आणि ‘नीम-गर्की’, म्हणजे बुडणारे आणि अर्धे बुडणारे, ही नावेही याच कसोटीची. चिनी भाषेत तर अगराच्या नावाचाच अर्थ ‘बुडणारा सुगंध’ असा आहे. कोरड्या लाकडाला पाण्यात बुडविण्याइतकी राळ मुरायची तर अनेक दशके लागतात. पाण्याचा पेला हा जणू काळ मोजण्याचा तराजू होता.

जपान मात्र पाण्यावर थांबला नाही. तेथील सुगंधविद्येने अगराला सहा देशांची नावे आणि पाच चवी लावल्या: गोड, आंबट, तिखट, खारट, कडू. अभ्रकाच्या पातळ चकतीवर तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडा मोठा कपटा ठेवून खालून मंद ऊब द्यायची आणि गंध ‘ऐकायचा’, असा तेथील शब्दप्रयोग आहे. सहांत श्रेष्ठ तो क्यारा. हा शब्द संस्कृत ‘काल’ म्हणजे काळा यावरून आला असे मानले जाते; म्हणजे कल्पसूत्रातील कालागरू आणि क्योटोतील क्यारा हे नावाने तरी एका घरचे ठरतात. व्हिएतनामच्या मध्यभागातील, प्राचीन चंपा राज्याच्या डोंगरातील ‘की नाम’ तो हाच. इतर अगर तापविल्यावर बोलते. की नाम न तापविताही हातात दरवळते, कारण त्याच्या राळेची घडणच निराळी असते. तो नेहमीच सर्वांत जड असतो असेही नाही. नारा येथील शोसोइन या शाही कोषागारात दीड मीटरहून लांब आणि साडेअकरा किलोंहून अधिक वजनाचा ‘रानजाताई’ नावाचा अगराचा ओंडका जतन केलेला आहे. १५७४ मध्ये ओदा नोबुनागाने आणि १८७७ मध्ये सम्राट मेइजीने त्याचा लहानसा तुकडा काढला, त्या जागी आजही चिठ्ठ्या लावलेल्या आहेत. एवढ्या बलाढ्यांनीही कपट्यावर समाधान मानले.

दुर्दैवाने सर्व खरेदीदारांची तशी वृत्ती नव्हती. कोणत्या झाडात राळ आहे हे बाहेरून खात्रीने कळत नाही. जखम, वठलेली फांदी, मुंग्यांची रीघ यांवरून जुने जाणकार अंदाज बांधत. मागणी वाढली तशी अंदाज बांधण्याची सवडही कोणी ठेवली नाही आणि निरोगी झाडेही नुसत्या आशेने पाडली गेली. १९९४ मध्ये आसामातील जात वन्यजीव-व्यापारावरील साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आली. २००४ च्या बँकॉक परिषदेत साऱ्या ॲक्विलेरिया जाती त्यात घेतल्या गेल्या. आसामातील जात आज जागतिक पातळीवर अतिसंकटग्रस्त मानली जाते. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत वनकर्माचा, म्हणजे वने तोडून उपजीविका करण्याचा, उल्लेख पूर्वाचार्यांनी का केला असेल, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच मिळेल.

म्हणून लागवडीकडे पाहावे लागते. वरच्या आसामात सुपारीच्या रांगांमध्ये, घराच्या परसात साँची लावण्याची रीत जुनी आहे. तेथे खोडात शिरणारी अळी आपोआप येते आणि राळ जवळजवळ रानातल्यासारखीच धरते. होजाई हे या व्यापाराचे मोठे ठाणे. तेथील हाजी अजमल अली यांनी गेल्या शतकाच्या मध्यास मुंबईत अत्तराची पेढी उभी केली आणि पुढे त्या घराण्याचा व्यापार आखातात पसरला. मुंबई हे आसामच्या अगराचे अरबस्तानाकडे उघडणारे दार आहे.

जिथे ही अळी भरवशाची नाही, तिथे झाडाला भोके पाडून बुरशीचे किंवा रसायनाचे द्रावण सोडतात आणि एक-दोन-तीन वर्षांत तोड करतात. अशा मालात राळ भोकाभोवती पातळ पट्ट्यात असते, आतले लाकूड पांढरेच राहते; मागून पांढरे कोरून टाकल्यावर जे पातळ पापुद्रे उरतात ते त्याची ओळख. गंध स्वच्छ पण आखूड. जुन्या रानटी मालात ऊब वाढत जाईल तसतसा जो पालट होत जातो, तो यात सहसा मिळत नाही. तरीही ‘रानटी म्हणजे उत्तम, लागवडीचा म्हणजे दुय्यम’ हे समीकरण चुकीचे आहे. रानटी हा उगम आहे, प्रत नव्हे. रानातील कोवळा, अर्धवट राळेचा तुकडा परसातील पंचवीस वर्षांच्या झाडापुढे फिका पडतो. चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात तर की नामसारखी राळ धरणाऱ्या निवडक झाडांची कलमे लावली जाऊ लागल्याने दुर्मीळ कशाला म्हणायचे हा प्रश्नही नव्याने उभा राहिला आहे. लागवड सर्वस्वी निर्दोष आहे असेही नाही. झाड शेवटी तोडलेच जाते आणि अळीने धरलेल्या खोडात अळ्याही असतात. पण उभे रान आणि लावलेले झाड यांतला फरक फार मोठा आहे.

बाजारातील लबाडी मात्र नेमकी या दोहोंच्या सीमेवर चालते. हलके लाकूड काळ्या रंगात बुडवितात, छिद्रांत शिशाचा किंवा लोखंडाचा कीस भरून वजन वाढवितात. यंत्राच्या दाबाखाली दाबलेले लाकूडही पाण्यात बुडते, त्यामुळे अबुल फझलची कसोटी आता एकटी पुरत नाही. ताजा काप भिंगाखाली पाहावा. खरी राळ रेघारेघांनी, कमीअधिक दाट दिसते. रंगविलेला तुकडा सर्वत्र सारखा काळा असतो. निखाऱ्यावर अस्सल तुकड्याची राळ पाझरून बुडबुडे येतात, रंगाचा धूर नाकाला झोंबतो. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे अतिचार सांगितले आहेत, त्यांत कमीजास्त मापे आणि प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे हलका माल भारी म्हणून खपविणे, हे दोन आहेत. अगराच्या दुकानात हे दोन्ही एकाच तुकड्यात सामावू शकतात.

अलीकडे व्यापारी कुटुंबांपुढे आणखी एक मोह येतो, तो रोपांचा. कर्नाटकाच्या मलनाडात अगराची लागवड झाली आहे, आणि एकरी कोटींचे हिशेब मांडून रोपे विकणारेही अनेक आहेत. रोपाचा भाव लावणीच्या दिवशी ठरतो, राळेचा मात्र तोडणीच्या दिवशीच कळतो. मधल्या वर्षांची जोखीम सर्वस्वी लावणाऱ्याची. पुनर्खरेदीची हमी देणाऱ्याला, त्याने याआधी कोणत्या बागेतून किती राळ प्रत्यक्ष उचलली, एवढे विचारले तरी पुष्कळ उलगडा होतो.

निर्यातीचा रस्ता आता पूर्वीपेक्षा मोकळा आहे. एप्रिल २०२४ पासून भारताने चिपा व पुडीसाठी वार्षिक १,५१,०८० किलो आणि तेलासाठी ७,०५० किलो एवढा कोटा ठरविला. साइट्सच्या परवान्यावर उगमाचे एक अक्षर लिहावे लागते: रानातल्यासाठी ‘डब्ल्यू’, लागवडीच्यासाठी ‘ए’, आणि २०१९ पासून दोहोंच्या मधल्यासाठी ‘वाय’. किरकोळ दुकानातल्या पुडीपर्यंत ते अक्षर पोहोचत नाही. पण पेढीच्या पावतीवर ‘परसातील साँची, नैसर्गिक लागण’ किंवा ‘बागेतील, द्रावण देऊन दोन वर्षांची राळ’ एवढी ओळ लिहायला कोणत्याही परवान्याची गरज नाही.