ओल्या दिवसांतील अग्नि : चकमक, गारगोटी आणि बटव्यांतील भुगा

न्यायशास्त्राच्या अभ्यासकांस तृणारणिमणिन्याय परिचित आहेच. गवतांत फुंकर घालून, अरणीचें मंथन करून आणि सूर्यकांत मण्यानें ऊन एकवटून, अशा तीन निरनिराळ्या प्रकारांनीं अग्नि उत्पन्न होतो. तेव्हां एकजातीय कार्यास अनेक कारणें कशीं संभवतात, हा तेथील वादाचा विषय होय. तो वाद बाजूस ठेवून आम्ही वाचकांस एक व्यवहारांतला प्रश्न विचारतों. आषाढाच्या झडींत त्र्यंबकेश्वरीं किंवा इगतपुरीच्या घाटमाथ्यावर हीं तिन्ही साधनें घेऊन कोणी बसला, तर त्याची चूल पेटेल काय? नाशिक शहरीं वर्षास ३० इंचांच्या आंतबाहेर पाऊस होतो. इगतपुरीस तो १०० इंचांच्याही पुढें जातो. तेथें सूर्यदर्शन दुर्लभ, म्हणून मणि व्यर्थ, गवत भिजलेलें, राहतां राहिली अरणी.

अरणीची घटना अशी : खालीं अश्वत्थाच्या लांकडाची अधरारणि, तिच्या खळग्यांत उत्तरारणीचा तुकडा बसविलेला मंथनदंड, वरून दाबावयास ओविली आणि घुसळावयास दोरी. घर्षणानें पडणारा काळा भुगा धुमसूं लागला कीं तो काथ्या किंवा गोवरीचा भुगा यांवर झेलून फुंकावयाचा. परंतु लांकूड हवेंतील ओल शोषून घेतें, आणि ओलसर लांकडांत घर्षणाची बहुतेक उष्णता पाण्याची वाफ करण्यांतच खर्ची पडते. इतकें असून चातुर्मास्य यागांतील वरुणप्रघास हें पर्व ऐन वर्षाकालीं येतें, व त्यांत अग्निमंथन विहित आहे. अर्थात् अरणी कोरड्या व उबदार जागीं जपून ठेवणें ही अग्निहोत्र्याची नित्याची चिंता होय. पावसांतील मंथनाचें यश पावसापूर्वींच्या जपणुकींत असतें.

सामान्य गृहस्थ, गुराखी व वाटसरू यांचें साधन मात्र चकमक. तिच्याविषयीं एक गैरसमज रूढ आहे कीं, आग गारगोटींत असते. वस्तुतः गारेच्या तीक्ष्ण धारेनें पोलादाचा अतिसूक्ष्म कण खरवडला जातो व तो कणच हवेंत जळतो. ठिणगी म्हणतात ती हीच. म्हणून मऊ लोखंड चालत नाहीं, पाणी दिलेलें पोलाद लागतें. गारेची आपल्याकडे वाण नाहीं. सह्याद्रीच्या काळ्या पाषाणांतील पोकळ्यांत ती विपुल सांपडते. नाशिक व जोर्वें येथें १९५०-५१ सालीं डॉ. सांकलिया व डॉ. देव यांनीं जें उत्खनन केलें, त्यांत मिळालेलीं बारीक दगडी पातीं याच वर्गांतील दगडाचीं आहेत.

परंतु ठिणगी क्षणजीवी असते. तिच्यानें काटकी पेटत नाहीं, गवतही पेटत नाहीं. तिला झेलण्यास असें द्रव्य पाहिजे कीं जें ज्वाला न होतां धुमसत राहील. सांवर अथवा शेवरी, म्हणजे संस्कृतांतील शाल्मली, हिच्या बोंडांतील कापूस या कामीं येतो. कच्चा कापूस ठिणगी नीट धरीत नाहीं. त्यास कोळशाची पूड चोळली, किंवा जुनी सुती चिंधी कोंडलेल्या धगींत जाळून काळी केली, म्हणजे ती तत्काळ धरतो. सांवरीचीं बोंडें चैत्र-वैशाखांत फुटतात. तेव्हां आषाढांतला विस्तव वैशाखांतच सिद्ध करून बटव्यांत भरावा लागतो.

हें आम्हांस ग्रंथांतून कळलें नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं पावसाळ्यांत त्र्यंबकच्या डोंगरउतारावर आम्ही चकमक व गार घेऊन तासभर झटलों. ठिणग्या पुष्कळ पडल्या, आग झाली नाहीं. बरोबरचे एक वृद्ध महादेव कोळी गृहस्थ शेवटीं हंसून म्हणाले, “गुरुजी, दगड न् पोलाद कुनीबी आनंल, बटव्यात काय हाय ते बोला.” नंतर त्यांनीं आपल्या बटव्यांतील चिमूटभर काळा कापूस गारेच्या कडेवर अंगठ्यानें दाबून धरला; तिसऱ्या आघातास तो धुमसला. भुईवरचें एकही लांकूड त्यांनीं घेतलें नाहीं. उभ्या वाळलेल्या कारवीच्या काड्या मोडून घेतल्या, झाडावरच वाळलेली फांदी चिरून तिचा आंतला कोरडा गाभा कोयत्यानें तासला, खालीं सपाट दगड मांडून वर इरलें धरलें, आणि कापसावर चुरगळलेली कोरडी साल, सालीवर तासण्या व त्यांवर काड्या, या क्रमानें ज्वाला वाढविली. पेटल्यावर ओलीं लांकडें भोंवतीं वाळत ठेविलीं. निघतांना धुमसती गोवरी मडक्यांत राखेखालीं घेतली. कारण झालेली आग राखणें हें नवी करण्याहून सोपें.

आतां याचा आपल्या व्यासंगाशीं संबंध काय, तो सांगतों. जुन्या कागदांतून ‘जामगी’, ‘तोड्याची बंदूक’, ‘छावणी’ हे शब्द आपण नित्य वाचतों. तोड्याची बंदूक पेटत्या जामगीवांचून उडत नसे, आणि जामगीस विस्तव हवा. आमच्या नाशिकनजीकचा रामशेज सन १६८२ पासून पुढें कित्येक पावसाळे मोंगलांशीं झुंजला. अशा गडावर कोरडा कापूस व राखलेला विस्तव यांची किंमत दारूगोळ्याहून कमी खास नव्हती. सैन्यें पावसाळा छावणींत कां काढीत, याच्या अनेक कारणांपैकीं हें एक डोळ्यांपुढें ठेवावें.

येथें आम्हांस स्वतःचा एक प्रमाद कबूल करणें प्राप्त आहे. पूर्वीं एका घराण्याकडून पोथ्यांचें बासन मिळालें, त्यांत एक चामडी बटवा होता. आंत चकमक, गार व काळपट भुगा. चकमक व गार आम्हीं कौतुकानें ठेविली. भुगा कचरा समजून अंगणांत झटकला. पुढें त्र्यंबकच्या उतारावर आपण काय गमाविलें तें उमगलें. तो कापूस सांवरीचा होता कीं अन्य कशाचा, त्यांत कोळसा होता कीं राख, हें आतां कोणीही सांगूं शकणार नाहीं.

याच्या उलट उदाहरण पाहा. आल्प्स पर्वतांत १९९१ सालीं बर्फांतून सुमारें ५,३०० वर्षांपूर्वींच्या एका पुरुषाचें शव निघालें. त्याच्याजवळची आळंबी कोणी झटकली नाहीं. म्हणूनच ती ठिणगी झेलणारी जात असल्याचें व तींत गंधकयुक्त लोहखनिजाचे कण असल्याचें उघड झालें. मॅपलच्या पानांत गुंडाळलेले कोळसे भूर्जत्वचेच्या डब्यांत होते, त्यांवरून तो विस्तव सोबत नेत असे, हेंही समजलें. धातूनें व दगडानें जें सांगितलें नसतें, तें त्या क्षुद्र वस्तूंनीं सांगितलें.

सन १८२७ मध्यें इंग्लंडांत घर्षणानें पेटणारी काडी विक्रीस आली, आणि हळूहळू चकमक घरोघरीं अडगळींत गेली. ती बाजारांत आज कुतूहलाची वस्तु म्हणून मिळते. पण बहुधा रिकाम्या बटव्यासह. म्हणून संग्राहकांस विनंति आहे कीं, दफ्तरांच्या रुमालांत, चंचींत वा बांबूच्या नळकांड्यांत असला भुगा आढळल्यास तो झटकूं नये. कागदाच्या पुडींत बांधून, तो कोणत्या घरचा व कोणत्या वस्तूबरोबर मिळाला हें वर लिहून ठेवावें; आणि घाटमाथ्यावर ज्यांच्या हातांत ही विद्या अजून आहे, त्यांस विचारून टिपून घ्यावी. पोथी जळाली तर क्वचित् तिची दुसरी प्रत मिळते; चिमूटभर भुग्याची प्रत नसते.