जकात व स्थानिक करसुधारणा : पिंपरी-चिंचवड व चाकण औद्योगिक पट्टा

एखाद्या स्थानिक क्षेत्राच्या हद्दीत वापर, उपभोग अथवा विक्री यांसाठी आणल्या जाणाऱ्या मालावर तेथील स्थानिक स्वराज्य संस्थेने आकारावयाचा कर म्हणजे जकात. भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीच्या ५२ व्या नोंदीनुसार हा कर बसविण्याचा अधिकार राज्यांना होता व राज्यांनी तो कायद्याने नगरपालिका, महानगरपालिका इ. संस्थांकडे सोपविला होता. १०१ व्या संविधान दुरुस्तीने (२०१६) ही नोंद वगळण्यात आली. तत्पूर्वी जकात हा महाराष्ट्रातील शहरांच्या उत्पन्नाचा प्रमुख आधार होता. पुणे जिल्ह्यातील पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या बाबतीत तर शहराची वाढ आणि जकातीची वाढ या दोन्ही गोष्टी दीर्घकाळ बरोबरीने चालल्या. त्यामुळे जकात, स्थानिक संस्था कर व वस्तू आणि सेवा कर या तीन टप्प्यांतून झालेल्या करसुधारणेचे परिणाम या पट्ट्यात विशेष स्पष्टपणे दिसून येतात.

पार्श्वभूमी : ‘जकात’ हा शब्द मूळ अरबी असून मराठी राज्यव्यवहारात तो मालावरील कर या अर्थाने रूढ झाला. मराठा अंमलात माल भरण्याच्या ठिकाणी घ्यावयाच्या करास थळभरीत व विक्रीच्या ठिकाणी घ्यावयाच्या करास थळमोड अशा संज्ञा होत्या. ब्रिटिश अमदानीत नगरपालिका स्थापन झाल्यावर नगरहद्दीत येणाऱ्या मालावरील कर हे त्यांचे एक महत्त्वाचे साधन बनले. स्वातंत्र्योत्तर काळात मात्र या कराविरुद्धचे मत वाढत गेले. मध्य प्रदेशाने १९७६ मध्ये, कर्नाटकाने १९७९ मध्ये व गुजरातने २००७ पर्यंत टप्प्याटप्प्याने जकात रद्द केली. महाराष्ट्रात १९९९ मध्ये नगरपालिकांची जकात बंद झाली. परंतु महानगरपालिकांची जकात पुढेही चालू राहिली.

पिंपरी-चिंचवडची जकात : पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायॉटिक्स हा सार्वजनिक क्षेत्रातील कारखाना १९५४ मध्ये स्थापन झाला. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर (१९६२) भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या परिसरात भूखंड पाडण्यात आले व टेल्को (विद्यमान टाटा मोटर्स), बजाज ऑटो यांसारखे मोठे वाहन कारखाने आणि त्यांना सुटे भाग पुरविणारे शेकडो लहान उद्योग तेथे उभे राहिले. ४ मार्च १९७० रोजी नगरपालिका आणि ११ ऑक्टोबर १९८२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. पोलाद, ॲल्युमिनियम, रबर, रंग, यंत्रसामग्री असा अवजड व किंमती माल दररोज हद्दीत येत असल्याने लोकसंख्येच्या मानाने जकातीचे उत्पन्न फार मोठे होते. महापालिकेच्या एकूण उत्पन्नात जकातीचा वाटा निम्म्याहून अधिक असे. प्रशस्त रस्ते, उड्डाणपूल, उद्याने व पाणीपुरवठा योजना यांचा खर्च प्रामुख्याने यातूनच भागला. ‘आशियातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका’ हे या शहराचे लोकप्रिय बिरुदही जकातीनेच मिळवून दिले.

जकातीचे गुणदोष : जकातीचा पहिला गुण म्हणजे तिचे उत्पन्न रोज व रोखीने मिळत असे. दुसरा गुण असा की, महागाई व उत्पादन यांच्या वाढीबरोबर ते आपोआप वाढे. तिसरा व सर्वांत महत्त्वाचा म्हणजे, राज्य शासनाने घालून दिलेल्या मर्यादेत दर ठरविण्याचा व वसुलीचा अधिकार लोकनियुक्त स्थानिक संस्थेकडे होता.

दोषही तितकेच ठळक होते. नाक्यांवर मालमोटारींच्या रांगा लागत. वेळ व इंधन वाया जाई. शहरातून केवळ पुढे जाणाऱ्या मालालाही पारगमनाचे सोपस्कार पार पाडावे लागत. मालाची किंमत कमी दाखविणे, आडमार्गाने माल आणणे, नाक्यावरील संगनमत अशा गैरप्रकारांना वाव मिळे. आर्थिक दृष्ट्या मुख्य आक्षेप मात्र करावर कर चढण्याचा होता. कच्च्या मालावर भरलेली जकात त्याच्या किंमतीत मिसळे. त्या वाढलेल्या किंमतीवर पुढे विक्रीकर लागे. आणि तोच माल अर्धवट तयार होऊन दुसऱ्या शहराच्या हद्दीत गेला की, तेथे पुन्हा जकात द्यावी लागे. पुणे, पिंपरी-चिंचवड व त्यांना लागून असलेले खडकी आणि देहूरोड येथील कटकमंडळांचे प्रदेश ही वेगवेगळी स्थानिक क्षेत्रे असल्याने काही किलोमीटरच्या अंतरात अशा सीमा अनेक होत्या.

हद्दीचा परिणाम : जकात हद्दीवर आधारलेली असल्यामुळे हद्दीबाहेर कारखाना काढण्यास ती अप्रत्यक्ष उत्तेजन देई. १९९७ मध्ये मोशी, चिखली, तळवडे इ. गावे महापालिकेत आल्यावर तिची सीमा उत्तरेस इंद्रायणी नदीपर्यंत पोहोचली. नदीपलीकडे खेड तालुक्यातील चाकण परिसरात ही जकात लागू नव्हती. बजाज ऑटोचा चाकण येथील कारखाना १९९९ मध्ये, तर फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला. महिंद्र, मर्सिडीज-बेंझ हे उत्पादकही तेथे आले. या स्थलांतराचे व विस्ताराचे श्रेय केवळ जकातीच्या अभावास देता येणार नाही. मोठ्या सलग भूखंडांची उपलब्धता, पुणे-नाशिक महामार्ग, कुशल कामगारांचे सान्निध्य व राज्य शासनाची सामूहिक प्रोत्साहन योजना हीदेखील त्यामागील कारणे होत. तथापि कराची सीमा ही गुंतवणुकीच्या हिशोबातील एक बाब ठरते, हे या उदाहरणावरून लक्षात येते.

स्थानिक संस्था कर : नाके बंद करावयाचे, पण कर स्थानिक संस्थेकडेच ठेवावयाचा, असा मधला मार्ग म्हणून राज्य शासनाने स्थानिक संस्था कर आणला. २०१० पासून काही लहान महानगरपालिकांत व १ एप्रिल २०१३ पासून पुणे, पिंपरी-चिंचवड, ठाणे, नागपूर इ. ठिकाणी तो लागू झाला. या पद्धतीत व्यापाऱ्याने वा कारखानदाराने नोंदणी करून हद्दीबाहेरून आणलेल्या मालाचा हिशोब ठेवावयाचा व स्वतःच करनिर्धारण करून भरणा करावयाचा, असे अपेक्षित होते. संगणकीय हिशोब ठेवणाऱ्या मोठ्या कारखान्यांना हा बदल सोयीचा वाटला. लहान दुकानदारांना मात्र मूल्यवर्धित कराच्या जोडीला आणखी एक हिशोब व आणखी एका अधिकाऱ्याची तपासणी नको होती. एप्रिल-मे २०१३ मध्ये राज्यभर व्यापाऱ्यांनी बंद पाळला. अखेरीस १ ऑगस्ट २०१५ पासून वार्षिक ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना या करातून मुक्त करण्यात आले व महापालिकांना राज्य शासनाकडून अनुदान मिळू लागले. स्वतःच्या करावर चालणाऱ्या संस्थेचे अनुदानावर चालणाऱ्या संस्थेत रूपांतर होण्यास येथून सुरुवात झाली.

वस्तू व सेवा कर : १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कर (जीएसटी) अंमलात आला आणि त्यात केंद्रीय उत्पादन शुल्क, सेवा कर, मूल्यवर्धित कर, प्रवेश कर, जकात व स्थानिक संस्था कर विलीन झाले. मुंबई महानगरपालिकेने जकात शेवटपर्यंत ठेवली होती. तिचे नाकेही ३० जून २०१७ नंतर बंद झाले. या करात प्रत्येक टप्प्यावर आधी भरलेल्या कराची वजावट मिळते. म्हणून करावर कर चढत नाही.

या कराचे दुसरे तत्त्व असे की, उत्पन्न मालाच्या अंतिम उपभोगाच्या ठिकाणी जाते. उदा., पोलादाची पट्टी भोसरीतील कारखान्यात दाबून तिचा सुटा भाग झाला, तो चाकणला मोटारगाडीत बसला व ती गाडी लखनौच्या ग्राहकाने तेथे विकत घेतली, तर राज्याच्या वाट्याचा कर उत्तर प्रदेशास मिळतो. जकातीच्या काळात त्याच पट्टीवर ती भोसरीत शिरताच पिंपरी-चिंचवडला उत्पन्न मिळत असे. पूर्वीचा केंद्रीय विक्रीकरही माल जेथून निघे त्या राज्यास मिळे. म्हणूनच महाराष्ट्र, तमिळनाडू, गुजरात या उत्पादक राज्यांना महसुलाची चिंता वाटत होती. आंतरराज्य विक्रीवर एक टक्का जादा कर उत्पादक राज्यास देण्याची तरतूद २०१४ च्या विधेयकात होती. ती २०१६ मध्ये गाळण्यात आली. त्याऐवजी २०१५–१६ च्या महसुलावर दरवर्षी १४ टक्के वाढ धरून पाच वर्षे केंद्राने भरपाई देण्याचे ठरले. ही मुदत ३० जून २०२२ रोजी संपली.

महापालिकांसाठी राज्याने २०१७ मध्ये स्वतंत्र भरपाई कायदा केला. त्यानुसार २०१६–१७ च्या उत्पन्नावर दरवर्षी ८ टक्के चक्रवाढीने येणारी रक्कम महापालिकांना देण्यात येते. यामुळे उत्पन्नाला स्थैर्य आले, हे मान्य करावे लागते. मंदीच्या वर्षातही रक्कम घटत नाही. परंतु शहरातील उत्पादन दुप्पट झाले तरी ती त्या प्रमाणात वाढत नाही आणि नव्या कारखान्याने पडणारा रस्ते, पाणी व मैलाशुद्धीकरण यांचा भार मात्र शहरावरच राहतो. शिवाय ही भरपाई राज्याच्या कायद्यावर अवलंबून आहे. तिला संविधानाचे संरक्षण नाही.

चाकणची स्थिती : चाकणला जकात कधी मिळाली नाही, त्यामुळे तिच्याऐवजी मिळणारी भरपाईही नाही. चाकण नगरपरिषद २०१५ मध्ये स्थापन झाली. मात्र बहुतेक कारखाने महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, नाणेकरवाडी, कुरुळी इ. गावांच्या हद्दींत आहेत. ग्रामपंचायतींचा मुख्य आधार इमारतींवरील कर हा होय. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या १२५ व्या कलमान्वये कारखान्याने करांऐवजी ठोक रक्कम द्यावी, असा करार करता येतो. लाखो वाहने तयार करणाऱ्या या परिसरातील रस्त्यांवरील कोंडी, कचरा व कामगारवस्त्यांचे पाणी हे प्रश्न अशा मर्यादित साधनांनी सुटण्यासारखे नाहीत. या परिसरासाठी स्वतंत्र महानगरपालिका असावी काय, याची चर्चा २०२५ मध्ये झाली, तिच्या मुळाशी हीच विसंगती आहे.

लघुउद्योगांचा प्रश्न : नव्या करपद्धतीत लहान पुरवठादाराची तक्रार दरापेक्षा रोख रकमेविषयी अधिक असते. समजा, भोसरीतील एका उद्योजकाने एक लाख रुपयांचा कच्चा माल घेऊन दीड लाखाचे सुटे भाग पुरविले. १८ टक्के दराने त्याने माल घेताना १८,००० रुपये कर दिला. विक्रीवरील २७,००० रुपयांतून ही रक्कम वजा जाता उरलेले ९,००० रुपये त्याला पुढील महिन्यात शासनाकडे भरावे लागतात. खरेदीदार कंपनीने तीन महिन्यांनी पैसे दिले, तर तोवर २७,००० रुपये त्याच्या खेळत्या भांडवलातून गुंतून पडतात. त्याच्या पुरवठादाराने कर भरला नसल्यास वजावटही अडकते. प्राप्तिकर कायद्यातील २०२३ च्या दुरुस्तीने सूक्ष्म व लघु उद्योगांची देणी लेखी करार असल्यास जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसल्यास १५ दिवसांत दिली नाहीत, तर ती रक्कम प्रत्यक्ष दिली जाईपर्यंत खरेदीदारास खर्च म्हणून वजा करता येत नाही. पैसे वेळेवर मिळावेत हा तिचा हेतू; मात्र मोठ्या कंपन्या नोंदणी नसलेल्या वा मध्यम उद्योगांकडे वळतील, अशी शंका लघुउद्योजकांनीच व्यक्त केली आहे.

२२ सप्टेंबर २०२५ पासून कराचे ५ व १८ टक्के हे दोन मुख्य दर व निवडक वस्तूंसाठी ४० टक्के दर ठरले. लहान मोटारगाड्या, ३५० घन सेंमी. पर्यंतच्या दुचाकी, तीनचाकी, मालमोटारी व बसगाड्या यांवरील दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. सर्व सुट्या भागांना १८ टक्के हाच दर लागू झाल्याने वर्गीकरणाचे तंटेही कमी झाले. वाहनउद्योगावर जगणाऱ्या या पट्ट्यास मागणीवाढीचा लाभ होतो, परंतु करउत्पन्नातील त्याचा हिस्सा स्थानिक संस्थांकडे आपोआप येत नाही.

मालमत्ता कर व शास्ती : जकात गेल्यानंतर महापालिकेच्या हाती उरलेला स्वतःचा मोठा कर म्हणजे मालमत्ता कर. कारखान्याच्या मालातून अप्रत्यक्षपणे व नकळत वसूल होणाऱ्या कराऐवजी हा कर थेट घरमालकाच्या हाती बिलाच्या रूपाने येतो. म्हणून तो वाढविणे राजकीय दृष्ट्या अवघड असते. शास्तीकराचा वाद याचेच उदाहरण होय. २००८ मध्ये महानगरपालिका अधिनियमात २६७ अ हे कलम घालून अवैध बांधकामांवर मालमत्ता कराच्या दुप्पट शास्ती बसविण्यात आली. कामगारांनी गुंठा-अर्धा गुंठा जागेवर बांधलेली हजारो घरे पिंपरी-चिंचवडमध्ये या तरतुदीखाली आली. शास्तीची थकबाकी वाढत जाऊन मूळ करही भरला जाईना. प्रथम लहान घरांना सवलत मिळाली व मार्च २०२३ मध्ये, मूळ कर भरण्याच्या अटीवर, शास्ती माफ करण्यात आली. नियमानुसार परवानगी घेऊन घर बांधणाऱ्यांवर या माफीने अन्याय झाला, असा आक्षेप घेतला जातो. तर परवडणारी घरे उपलब्ध न करता कामगारांना दंड करणे गैर होते, असे माफीचे समर्थक म्हणतात.

वादाचे स्वरूप : जकात परत आणावी, अशी मागणी आता फारशी होत नाही. मालाची मुक्त वाहतूक व करावरील कर टळणे हे लाभ सर्वमान्य आहेत. मतभेद आहे तो स्थानिक संस्थांच्या आर्थिक स्वायत्ततेविषयी. ७४ व्या संविधान दुरुस्तीने (१९९२) नगरपालिकांना संविधानात स्थान दिले, परंतु वस्तू व सेवा कर परिषदेत केंद्र व राज्ये यांनाच प्रतिनिधित्व असून शहरांना ते नाही. राज्याच्या वाट्याच्या करातील ठरावीक हिस्सा स्थानिक संस्थांना राज्य वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार द्यावा. तो देताना लोकसंख्येबरोबर औद्योगिक भारही विचारात घ्यावा. आणि मालमत्ता कराची आकारणी अद्ययावत करावी, असे पर्याय मांडले जातात. पहिल्या दोन पर्यायांस राज्याच्या तिजोरीची व तिसऱ्यास नागरिकांची संमती लागते. जकातीच्या काळात पिंपरी-चिंचवडला या दोन्ही संमतींची गरज फारशी भासली नव्हती. आता कारखाने ज्या भूमीवर उभे आहेत तिला त्यांच्या उत्पादनातील वाटा कोणत्या मार्गाने मिळावा, हा प्रश्न नदीच्या दोन्ही तीरांवर समान आहे.